टॉक्सिन बाइंडर वापरून बघितला, गायींचं रक्त पण तपासलं: पाकिटावर सहा विषं, काम एकावर

टॉक्सिन बाइंडर म्हणजे जनावरांच्या खाद्यात मिसळायची पावडर, खाद्यातलं बुरशीचं विष पोटातच धरून ठेवायला. आधी रेटिंग सांगून टाकतो, ज्यांना तेवढंच बघायचंय ते मोकळे. अफ्लाटॉक्सिन ह्या बुरशीच्या विषासाठी ५ पैकी ४. पाकिटावर छापलेल्या बाकीच्या विषांसाठी ५ पैकी १, तो पण पिशवीची शिलाई चांगली होती म्हणून. ब्रँडचं नाव टाकत नाहीये, कारण मार्केट यार्डाकडं ज्या दुकानातून घेतला तिथं टॉक्सिन बाइंडरचं अख्खं कपाट भरलंय आणि मागची लेबलं शेजारी शेजारी ठेवून वाचली तर नावं वेगळी, माल जवळपास तोच. त्यामुळं हा रिव्ह्यू एका कंपनीचा कमी आणि ह्या जातीच्या पावडरीचा जास्त समजा.

आमचा गोठा उरुळीच्या बाजूला, एचएफ क्रॉस गायी आणि थोड्या म्हशी, दूध बाटल्यांतून थेट हडपसर-मगरपट्ट्याच्या सोसायट्यांत जातं. गिऱ्हाइकं फॅट विचारतात, पाणी घालता का विचारतात, इंजेक्शन देता का हे तर सगळेच विचारतात. पण एका ताईंनी सरळ विचारलं, "दादा, तुमच्या दुधाचा अफ्लाटॉक्सिन एम-वनचा रिपोर्ट आहे का?" त्या कुठल्यातरी फूड कंपनीत क्वालिटीला आहेत. म्हणलं करून देतो ताई, आणि तिथून हे सगळं बाइंडर प्रकरण सुरू झालं.

ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी. मका, शेंगदाणा पेंड, सरकी पेंड ह्यांना ओल लागली की अ‍ॅस्परजिलस फ्लेवस नावाची हिरवट पिवळी बुरशी धरते आणि ती अफ्लाटॉक्सिन बी-वन नावाचं विष सोडते. गाईनं ते खाल्लं की लिव्हरमधली सायटोक्रोम पी-४५० गटातली एन्झाइम त्याच्यावर काम करतात, त्यातला काही भाग एम-वन होतो आणि दुधात उतरतो. आज सकाळी खराब पेंड घातली तर उद्याच्या धारेत एम-वन दिसतो, एवढं फास्ट. पेंड बंद केली की तीन-चार दिवसांत दूध साफ होतं, ही त्यातली चांगली बाजू. उकळून तो जात नाही, पाश्चराइज करून पण जात नाही. वर तो केसीनला म्हणजे दुधातल्या प्रोटीनला चिकटून बसतो, त्यामुळं पनीर-चीजमध्ये त्याचं प्रमाण दुधापेक्षा वाढतं आणि तुपात फारसा येत नाही. तूपवाल्यांनी खूश व्हायला हरकत नाही.

आणि हे काही आपल्याच गोठ्यातलं भूत नाही. एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेनं, २०१८ साली देशभर दुधाचे ६४३२ नमुने तपासले होते, त्यात ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, एम-वन मर्यादेच्या वर निघाला होता. सगळा देश युरिया आणि डिटर्जंट शोधत बसला होता आणि सापडलं पेंडीतलं विष. आपल्याकडं मर्यादा लिटरमागं अर्धा मायक्रोग्रॅम धरा, युरोपात त्याचा दहावा हिस्सा.

आता साधा हिशोब करून बघा, मी वहीत केला होता. गाय दिवसाला ५ किलो खुराक खाते, खुराकात बी-वन ५० पीपीबी आहे (किलोमागं ५० मायक्रोग्रॅम), म्हणजे पोटात गेलं २५० मायक्रोग्रॅम. त्यातलं २ टक्के दुधात उतरलं तर ५ मायक्रोग्रॅम. गाय १० लिटर देते, म्हणजे लिटरला अर्धा. बरोबर मर्यादेवर! आणि जास्त दूध देणाऱ्या गायींत हे उतरण्याचं प्रमाण २ वर थांबत नाही, ६ टक्क्यांपर्यंत जातं असं अभ्यासात आलंय. म्हणजे गोठ्यातली जी सगळ्यात लाडकी गाय, जिला आपण दोन घास जास्त टाकतो, तीच जास्त विष बाटलीत पाठवते. ५० पीपीबी म्हणजे काही काळीकुट्ट कुजलेली पेंड लागत नाही हो, पावसाळ्यात भिंतीला टेकून ठेवलेलं पोतं, वरून स्वच्छ दिसणारं, त्याच्यात आरामात असू शकतं.

तर प्रॉडक्ट. ५ किलोची पिशवी घेतली, किलोमागं दोनशेच्या घरात पडलं, २५ किलोची गोणी घेतली तर स्वस्त. राखाडी-बदामी रंगाची मऊ पावडर, बोटात चोळली की मुलतानी मातीसारखी लागते, आणि ते बरोबरच आहे कारण मुख्य माल माती आहे. लेबलवर एचएससीएएस लिहिलं असतं किंवा बेंटोनाइट, दोन्ही चिकणमातीच्याच जातीचे. बरोबर यीस्ट सेल वॉल, थोडं ऑरगॅनिक अ‍ॅसिड, सिलीमरिन (लिव्हरसाठी म्हणून घालतात तो वनस्पतीचा अर्क) आणि शेवटी एक ओळ, "एन्झाइमयुक्त". ह्या एका ओळीवर नंतर बोलतो, त्यावर माझा जरा राग आहे. वास किंचित आंबूस. पहिल्या दिवशी गायींनी आंबोणात नाक घालून फुसफुस केलं, एका म्हशीनं सगळं बाजूला ढकलून फक्त भरडा खाल्ला, पण गूळपाणी शिंपडल्यावर कुणीच तक्रार केली नाही. धूळ मात्र फार उडते, मिसळताना तोंडाला रुमाल बांधा.

काम कसं करतं, तर अफ्लाटॉक्सिनचा रेणू चपटा असतो, ह्या मातीच्या थरांच्या फटीत तो जाऊन बसतो आणि बाहेर यायचं नाव घेत नाही, शेणावाटे निघून जातो, रक्तात जातच नाही. युरोपनं २०१३ साली बेंटोनाइटला अफ्लाटॉक्सिन बी-वन साठी अधिकृत मान्यता दिली, रवंथ करणारी जनावरं, कोंबड्या आणि डुकरं ह्यांच्यासाठी. नीट वाचा, फक्त अफ्लाटॉक्सिन बी-वन साठी. आणि आपल्या पाकिटावर? अफ्लाटॉक्सिन, ऑक्राटॉक्सिन, टी-टू, झिअरॅलेनोन, फ्युमोनिसिन, डॉन (डीऑक्सिनिव्हॅलेनॉल). सगळी बुरशीचीच विषं, सगळ्यांसमोर हिरवी टिक. ह्यातले बरेचसे रेणू चपटे नाहीत, आकार वेगळा, चार्ज वेगळा, मातीच्या फटीत बसतच नाहीत. झिअरॅलेनोनला यीस्ट सेल वॉल थोडंफार धरतं म्हणतात. पण डॉन आणि टी-टू ह्यांच्यापुढं माती जवळपास हात टेकते. दुकानदाराला विचारलं, "शेठ, सहाच्या सहा कशी काय धरते ही?" तर म्हणे, "अहो दादा, कंपनीनं टेस्ट करूनच छापलंय ना." टेस्ट केलीच असेल, काचेच्या नळीत. खाली बारीक अक्षरात "इन व्हिट्रो" लिहिलेलं असतं ते वाचायचं, तिथं ९५ टक्के बाइंडिंग सहज येतं. पोटात आम्ल वेगळं, आतड्यात वेगळं, भोवती सगळा चारा, तिथं तो आकडा टिकत नाही. गायींवर ज्या चाचण्या झाल्यात त्यात दुधातला एम-वन चिकणमातीनं साधारण चौथा हिस्सा ते निम्मा कमी झालेला दिसतो, डोसवर अवलंबून. निम्मा कमी होणं म्हणजे वाईट नाही. पण ९५ नाही.

आता रक्ताची गोष्ट, कारण मला दुधाच्या रिपोर्टपेक्षा ही जास्त पटली. आमचे डॉक्टर म्हणाले की पावडर घालायच्या आधी दोन-चार गायींचं रक्त घेऊ, लिव्हरची एन्झाइम बघू, नंतर परत बघू, नाहीतर तुम्हाला कळणार कसं पैसे कुठं गेले. पटलं. माणसाचं लिव्हर बिघडलं की आपण एसजीओटी, एसजीपीटी करतो ना, तसंच जनावराचं पण होतं, पण एक फरक आहे जो आमच्याकडच्या बऱ्याच लोकांना माहिती नसतो. गायीत एसजीपीटी म्हणजे एएलटी बघून काही उपयोग नाही, गाईच्या लिव्हरमध्ये ते मुळातच कमी असतं. गायीत बघायचं एसजीओटी म्हणजे एएसटी, जीजीटी, आणि लॅब करत असेल तर जीएलडीएच. माणसांच्या पॅथॉलॉजीत रक्त देऊन एलएफटी करून आणणारे लोक आहेत आपल्याकडं, रिपोर्टवर नॉर्मल रेंज माणसाची छापलेली, आणि मग गाय धडधाकट असली तरी एएसटी लाल अक्षरात येतं आणि घरात रडारड. गाईचं एएसटी ढोबळमानानं ६० ते १२५ युनिट आणि जीजीटी ६ ते १७ च्या आसपास नॉर्मल धरतात.

ही एन्झाइम रक्तात येतात म्हणजे नक्की काय होतं, तर ती लिव्हरच्या पेशीत आपापलं काम करत असतात, रक्तात त्यांचं काही काम नसतं. अफ्लाटॉक्सिननं पेशी फुटली की आतला माल बाहेर सांडतो. म्हणून रक्तातलं एएसटी वाढलं तर लिव्हर जास्त जोरात काम करतंय असं नाही, पेशी फाटतायत असा अर्थ. जीजीटीचं जरा वेगळं, ते पित्तनलिकेच्या बाजूच्या पेशींशी जास्त जोडलेलं आहे आणि अफ्लाटॉक्सिनमध्ये तिकडं पण मार बसतो. आमच्या एका गायीचं एएसटी दोनशेच्या पुढं निघालं. बाकीच्या काठावर. मला वाटलं झालं, पेंडीनं घात केला. डॉक्टरांनी थांबवलं, म्हणाले सीके, म्हणजे स्नायूचं एन्झाइम, ते पण बघू, कारण एएसटी स्नायूत पण असतं, गाय घसरून पडली असेल किंवा टोचणी जोरात झाली असेल तरी वाढतं. सीके नॉर्मल आलं, जीजीटी वर होतं, तेव्हा कुठं बोट लिव्हरकडं गेलं. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितोय कारण बाइंडर विकणारे प्रतिनिधी एकच एएसटीचा कागद घेऊन फिरतात.

आणि लिव्हरच्या आत जे चालतं ते तर अजून गंमतीचं आहे. बी-वन स्वतः फार चिकट नसतं. त्याला बाहेर काढायला लिव्हरची पी-४५० एन्झाइम त्याच्यावर ऑक्सिजन चढवतात आणि त्यातूनच एपॉक्साइड नावाचा प्रकार तयार होतो जो थेट डीएनएला जाऊन चिकटतो. साफसफाई करायला गेलेल्यानंच आग लावली असा प्रकार. मग दुसरं एक एन्झाइम, ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज, ते त्या एपॉक्साइडला ग्लुटाथायोन चिकटवून गप करतं. कुठलं जनावर अफ्लाटॉक्सिननं मरतं आणि कुठलं तगतं हे बऱ्याच अंशी ह्या दोन एन्झाइमच्या हिशोबावर ठरतं. टर्कीच्या लिव्हरमध्ये हे दुसरं एन्झाइम एपॉक्साइडपुढं जवळपास निकामी आहे, म्हणून १९६० साली इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेली शेंगदाणा पेंड खाऊन एक लाखाहून जास्त टर्की मेल्या. तेव्हा कारण कळेना म्हणून त्याला टर्की एक्स रोग म्हणत होते, अफ्लाटॉक्सिनचा शोध त्यातूनच लागला. उंदराचं उलटं, घरातला साधा उंदीर ह्या विषाला खूप सोसतो कारण त्याच्याकडं ह्या एन्झाइमचा भारी प्रकार आहे, आणि मोठा उंदीर, इंग्रजीत रॅट म्हणतात तो, मात्र पटकन बळी पडतो. बदकाची पिल्लं तर इतकी नाजूक की पूर्वी विष तपासायला त्यांनाच वापरायचे. म्हणून "अहो आमच्या आजोबांपासून बुरशीची पेंड घालतोय, एक मेंढी मेली नाही" असं म्हणणाऱ्याशी वाद घालू नका, त्यांचं मेंढीपुरतं बरोबर असेल, मोठी मेंढी बऱ्यापैकी सोसते.

आपल्या देशातलं पण सांगतो. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवर बांसवाडा-पंचमहालकडं पावसात भिजलेला मका खाऊन माणसांना कावीळ झाली, शंभरावर माणसं गेली आणि त्या गावातली कुत्री पण त्याच लक्षणांनी मेली. तोच मका आपण "माणसाला नको, जनावराला घाला" म्हणून गोठ्याकडं ढकलतो. हे वाक्य आमच्या घरात आता बंद आहे, आई सोडून.

मेहुण्याचा शिरूरकडं ब्रॉयलरचा शेड आहे. त्याला मी हे सगळं सांगायला लागलो तर म्हणाला, "दाजी, तुमची गाय राहू द्या, माझ्या कोंबडीच्या विष्ठेत मक्याचा भरडा जसाच्या तसा पडतोय ते सांगा." ह्यावर पण एन्झाइमचंच उत्तर निघालं. अफ्लाटॉक्सिन फक्त लिव्हर धरून बसत नाही, ब्रॉयलरमध्ये स्वादुपिंडाची पाचक एन्झाइम कमी होतात, अमायलेज, ट्रिप्सिन, लायपेज, हे १९८१ साली अमेरिकेत ब्रॉयलरवर केलेल्या कामात दाखवलेलं आहे. वर पित्त कमी. म्हणजे स्टार्च, प्रोटीन, तेल तिन्हीकडून पचन बसतं. विष्ठा तेलकट, चिकट, गादी ओली, पक्षी लहान-मोठे. आपण काय करतो, कंपनीच्या फीडमध्ये वरून आणखी एन्झाइमची पुडी घालतो. मेहुणा तेच करत होता. त्या पुडीत फायटेज आणि झायलनेज, जे कोंबडीच्या स्वतःच्या पोटात तयार होत नाहीत किंवा अगदी थोडे होतात, त्यांचा उपयोग वेगळ्या कारणाला आहे. तुझी कोंबडी जे लायपेज बनवायची थांबलीय ते झायलनेजनं कसं भरून निघेल बाबा? त्यानं बाइंडर टनाला दीड-दोन किलोनं सुरू केला आणि मका बदलला, दोन्ही एकदम. पुढची बॅच बरी गेली. श्रेय कुणाला द्यायचं ह्यावर आमच्यात अजून एकमत नाही, तो पावडरीला देतो, मी मक्याला.

आता ती लेबलवरची ओळ. "एन्झाइमयुक्त, सर्व मायकोटॉक्सिन निष्क्रिय करते." मायकोटॉक्सिन म्हणजे बुरशीची विषं. हे वाचून मला खरंच वाटलं होतं की काहीतरी नवीन निघालं. तसं निघालेलंच आहे, खोटं नाही. फ्युमोनिसिन तोडणारं एस्टरेज नावाचं एन्झाइम आहे, युरोपात २०१४ मध्ये डुकरांच्या खाद्यासाठी त्याला मान्यता मिळाली. पण ते एकाच विषावर काम करतं, कुलपाला जशी एकच चावी तसं, आणि अशा प्रॉडक्टवर एन्झाइमचं पूर्ण नाव आणि ग्रॅममागं किती युनिट हे छापलेलं असतं. आमच्या पिशवीवर नाव नाही, युनिट नाही. फोन केला कंपनीच्या नंबरवर तर एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, तो आमचा फॉर्म्युला आहे." ठीक आहे ताई, फॉर्म्युला ठेवा, आम्ही तेवढ्याचे जादा पैसे देत नाही. नाव आणि युनिट नसेल तर "एन्झाइमयुक्त" हा शब्द पाकिटावर नाहीच असं समजून भाव करा.

बाकीची विषं पण एन्झाइमच्याच मागं लागलेली असतात, प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं. ऑक्राटॉक्सिनच्या रेणूत फिनाइलअ‍ॅलनिनचा तुकडा असतो, त्यामुळं प्रोटीन बनवताना फिनाइलअ‍ॅलनिन उचलणाऱ्या एन्झाइमच्या जागी ते घुसतं आणि काम अडवतं. मार बसतो किडनीवर, कोंबड्यांमध्ये युरिक अ‍ॅसिडचं पांढरं जमतं. पण गायीला त्याचा त्रास कमी, कारण तिच्या मोठ्या पोटातले जंतूच ते विष आधी तोडून टाकतात. म्हणजे मोठ्या गायीसाठी ऑक्राटॉक्सिनची हिरवी टिक बघून जादा पैसे देणं म्हणजे ज्याचा बंदोबस्त देवानं फुकट केलाय त्याची फी भरणं. वासरांचं तसं नाही, त्यांचं ते पोट तयार व्हायचं असतं.

फ्युमोनिसिन मक्यातलं, फ्युजॅरियम बुरशीचं. ते सेरामाइड सिंथेज नावाचं एन्झाइम अडवतं, पेशीच्या पडद्याची चरबी बनायची थांबते आणि अर्धवट माल, स्फिंगॅनिन, साठत जातो. गाय-म्हैस बरीच सोसते. घोडा अजिबात सोसत नाही, मेंदूचा पांढरा भाग अक्षरशः पातळ होतो. हे मी खेड, जुन्नर, आंबेगावच्या बैलगाडा मंडळींसाठी लिहितोय, गाड्याच्या पुढं पळायला घोडी ठेवता आणि तिला पण गायीचाच मका भरडा घालता. शर्यतीच्या घाटात घोडी अडखळायला लागली, भिंतीला डोकं दाबून उभी राहायला लागली तर नजर लागली म्हणून लिंबू उतरवण्याआधी मक्याचं पोतं उघडून बघा आणि डॉक्टर बोलवा. मातीचा बाइंडर इथं भरवशाचा नाही.

झिअरॅलेनोनचं तर शरीरातलीच एन्झाइम रूपांतर करतात, अल्फा झिअरॅलेनॉलमध्ये, आणि ते मूळ विषापेक्षा जास्त इस्ट्रोजेनसारखं वागतं. डुकरीणीत लगेच दिसतं. गाय वारंवार उलटत असेल, म्हणजे रेतन करूनही गाभण राहत नसेल, तर लोक लगेच ह्याच्यावर बोट ठेवतात, पण गाय उलटायला पन्नास कारणं असतात, मिनरल मिक्श्चरपासून चुकीच्या वेळी रेतन करण्यापर्यंत, त्यामुळं त्यावर बाइंडर हा उपाय म्हणून विकणाऱ्याला दोन प्रश्न जास्त विचारा.

टेस्टिंगबद्दल थोडं, कारण ती पण सर्व्हिसच आहे आणि पैसे तिथं पण गेले. पुण्यातल्या एका खाजगी लॅबला पेंड आणि मका दिला. माणसं चांगली, रिपोर्ट वेळेत, पण काउंटरवर कुणी विचारलं नाही की नमुना कसा घेतला. आणि ह्यात सगळी मेख तिथंच आहे. अफ्लाटॉक्सिन पोत्यात सगळीकडं सारखं नसतं, एका कोपऱ्यात ढीगभर आणि बाकी कोरं. वरून मूठभर उचलून दिलं तर शून्य पण येईल आणि पाचशे पण. प्रत्येक पोत्यातून, वरून-मधून-खालून घ्यायचं, सगळं मिळून दळायचं, मिसळायचं, मग त्यातलं थोडं लॅबला. ही सूचना त्यांनी भिंतीवर लावली तरी एक स्टार वाढवीन. घरच्या घरी स्ट्रिप टेस्ट पण मिळते, प्रेग्नन्सी टेस्टसारखी रेघ येते, दुधाची सोपी आहे, खाद्याची जरा खटपटीची कारण दळून द्रावणात काढावं लागतं.

अल्ट्राव्हायलेट टॉर्च मात्र घेऊ नका. ऑनलाइन विकतात, "मक्यावर मारा, अफ्लाटॉक्सिन चमकेल". जे हिरवट पिवळं चमकतं ते अफ्लाटॉक्सिन नसतंच. बुरशी कोजिक अ‍ॅसिड सोडते, ओल्या ताज्या दाण्यातलं पेरॉक्सिडेज एन्झाइम त्याच्यावर काम करतं आणि जे तयार होतं ते चमकतं. बुरशी येऊन गेली असावी एवढाच इशारा. चमकलं नाही म्हणून माल चांगला असं काही नाही.

आमचा निकाल असा. पेंडीत अफ्लाटॉक्सिन निघालं, अमेरिकेत दुभत्या गायींच्या खाद्याला जी २० पीपीबीची मर्यादा आहे तिच्या बऱ्यापैकी वर, युरोपची ५ ची तर बातच सोडा. ती पेंड गाईंसाठी बंद केली. नवीन पेंड यायला वेळ होता आणि मका पण संशयाचा होता, त्या मधल्या काळात बाइंडर गाईमागं रोज ५० ग्रॅम चालू होता. दुधाचा एम-वन मर्यादेत आला, रिपोर्ट ताईंना पाठवला, त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, तिथून दोन घरं वाढली. त्या गायीचं एएसटी काही आठवड्यांनी उतरलं, जीजीटी अजून थोडं रेंगाळतंय. दुकानदारानं बाइंडरबरोबर लिव्हर टॉनिकची बाटली पण गळ्यात मारली होती, ती गाईपेक्षा आमच्या बोक्याला जास्त आवडली, झाकण चाटत बसतो. बाइंडर फुटलेल्या पेशी शिवत नाही, तो पुढचं विष आत जायचं कमी करतो एवढंच, पेशी लिव्हर स्वतःच भरून काढतं जर वरून मारा थांबला तर.

म्हणून मी ही पावडर बारा महिने घालणार नाही. परतीच्या पावसात भिजलेला मका घ्यायची वेळ आली, पेंडीचा रिपोर्ट यायचाय, किंवा जून ते सप्टेंबर गोदाम दमट आहे, तेव्हा घालीन. बाकी वेळ तेच पैसे पोत्यांखाली घालायच्या लाकडी पाटांवर आणि ओलावा मीटरवर. मका १२ टक्क्यांच्या आत असेल तरच पोतं आत येतं, मीटर कानाला लावून बोलत नाही, दाण्यात खुपसायचं, आकडा बघायचा. आणि आंबोण शिजवून विष जातं ही समजूत आमच्याकडं फार पक्की आहे, मोठ्या पातेल्यात पेंड रटरटा शिजवतात. अफ्लाटॉक्सिन मोडायला अडीचशे डिग्रीच्या आसपास जावं लागतं, पाण्यात शिजवून तुम्ही शंभराच्या वर जातच नाही. बुरशी मरते, विष तसंच. उन्हात वाळवलेल्या बुरशीच्या पेंडीचं पण तेच.

घेणारच असाल तर लेबलवर एचएससीएएस किंवा बेंटोनाइट किती टक्के ते लिहिलेलं घ्या, बॅच नंबर बघा, आणि साधी मातीवाली स्वस्त पिशवी घ्या, सहा टिकवाली महाग नको. कोंबड्यांना तोंडावाटे टायलोसिनसारखं मॅक्रोलाइड गटातलं अँटिबायोटिक चालू असेल तेव्हा बेंटोनाइटवाला बाइंडर बंद ठेवा, माती विषाबरोबर औषध पण धरून बसते आणि मग औषध लागू पडत नाही म्हणून डोस वाढवला जातो. मेहुण्याला हे दुकानदारानं सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनी सांगितलं. डिलिव्हरी उरुळीपर्यंत देतात, पाच किलोच्या पिशवीसाठी देत नाहीत, गोणी घेतली तरच.